नवा पिस्टन टाकण्याआधी जुना पिस्टन वाचा

जून लागला. होड्या वर ओढल्या, झापं चढली. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पर्यटकांच्या बोटी तर त्याआधीच बांधून झाल्या. आता रोज दुकानात कुणीतरी येतं, काउंटरवर काळाकुट्ट पिस्टन ठेवतं आणि म्हणतं, "असोच एक दी." मी पार्ट विकणारा माणूस, पटकन द्यायला हवा. पण हल्ली मी आधी विचारतो, हा गेला कशानं?

हा प्रश्न विचारायला मी महागात शिकलो.

आमच्या काकांची बोट देवबागहून संगमावर पर्यटक नेते. मशीन चाळीस हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. काही वर्षांपूर्वी वरच्या सिलिंडरचा पिस्टन धरला, म्हणून पावसाळ्यात पडवीत मीच ते उघडलं. बीबीए झालोय, मॅन्युअल वाचता येतं, व्हिडिओ बघितलेले, मग काय! नवे पिस्टन, रिंगा, गॅस्केट, पाण्याच्या पंपाचा नवा इंपेलर, सगळं घातलं. एका झटक्यात सुरू. आमचे जुने मेस्त्री खळ्यात उभे राहून एवढंच म्हणाले, "पिस्टन गेलो कित्याक, ता बघलंस? नवो घातलंस तरी तोय जातलो." मी हसलो.

दिवाळीच्या सुट्टीत, कर्लीच्या मुखाशी, भर ओहोटीत मशीन जाम झालं. बोटीत आठ माणसं, त्यात दोन लहान मुलं. पाणी बोटीला बाहेर ओढत होतं आणि बाहेर लाटा फुटत होत्या. काकांनी नांगर टाकला, तो धरला म्हणून निभावलं. दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं. कुणाला काही झालं नाही. पण त्या मुलांच्या आईनं उतरताना माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ते अजून आठवतं. शिवाय ऐन गर्दीतले सहा दिवस गेले.

पुन्हा उघडलं तेव्हा उत्तर सापडलं. जुन्या इंपेलरची दोन रबरी पाती तुटून पाण्याबरोबर वर गेली होती आणि मिठाच्या खपल्यांसकट वरच्या सिलिंडरच्या पाण्याच्या वाटेत अडकली होती. मी इंपेलर बदलला, पण तुटलेली पाती गेली कुठे हे शोधलंच नाही. मागून पाण्याची धार छान येत होती! त्या धारेवरून पंप चालतोय एवढंच कळतं, ब्लॉकच्या प्रत्येक गल्लीत पाणी पोचतंय याची ती खात्री नाही.

म्हणून आता मी जुना पिस्टन पत्रिकेसारखा वाचतो. चारही बाजूंनी उभे ओरखडे असतील तर आधी पाणी आणि ऑइल तपासायचं. माथा वितळलाय किंवा भोक पडलंय आणि तेही एकाच सिलिंडरला, तर त्या कार्ब्युरेटरचा जेट तुंबलाय का, क्रँकचं सील कुठून हवा ओढतंय का, ते बघायचं. पेट्रोल कमी, हवा जास्त झाली की पिस्टन जळतोच. बर्फावर चालणाऱ्या टू-स्ट्रोक स्नोमोबाइलचंही हेच दुखणं. तिथली थंड हवा दाट असते, जेट त्या हिशेबाचा नसेल तर मिश्रण पातळ पडतं. यामाहानं पहिलं आउटबोर्ड 1960 मध्ये आणलं आणि पहिली स्नोमोबाइल 1968 मध्ये. म्हणजे भावंडंच ती. तिकडे थंडी मारते, इकडे मीठ.

आणखी एक नवा गुन्हेगार म्हणजे इथेनॉल. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. महिना-दोन महिने टाकी तशीच ठेवली तर पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं, ऑइल मात्र वर पेट्रोलात राहतं. मशीन तळातलं ओढतं, म्हणजे बिनऑइलचं. पावसाळ्यात टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरसुद्धा.

घरी काय करायचं आणि काय नाही, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. उघडणं, साफ करणं, मोजणं, जोडणं घरी. बोअरिंग आणि क्रँकचं काम मशीनवाल्याकडे. तिथे नवा पिस्टन सोबत न्या, बोअर त्याच्या मापानं होतो. ब्लॉक परत आला की साबण आणि गरम पाण्यानं घासायचा, पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत, आणि लगेच ऑइल. हे कंटाळवाणं काम टाळलेलं मशीन मी आवाजावरून ओळखतो. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, सर्क्लिप नेहमी नवी, हेडचे बोल्ट मधून बाहेर आणि टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं. जुने बोल्ट मिठानं ॲल्युमिनियममध्ये चिकटलेले असतात. घाई केलीत तर डोकं तुटून हातात येईल.

सुरुवातीचे तास ऑइल जास्त लागतं. आमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये 25 ला 1 आहे, म्हणजे लिटरला 40 मिली. नंतर 50 ला 1, लिटरला 20. तुमचं मॅन्युअल बघा, शेजाऱ्याचं नको.

आता हिशेब. आउटबोर्डला किलोमीटर नसतात, तास असतात, आणि आपल्या बहुतेक मशीनना मीटरच नाही. रोज चार तास, महिन्याचे पंचवीस दिवस, आठ महिने धरा, 800 तास झाले. समजा पूर्ण काम 30 हजारात झालं आणि सीझनमध्ये बोट एक दिवस उभी राहिली तर 6 हजार बुडतात. पाच दिवसांत बरोबरी! म्हणून काकांच्या बोटीवर वही ठेवलीय. तास, पेट्रोल, ऑइल, आणि दर दोन महिन्यांनी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. आकडा किती यापेक्षा दोघांत फरक किती वाढतोय, ते मी बघतो. मार्चमध्ये तो 10 टक्क्यांवर गेला, तेव्हाच काकांना सांगितलं, यंदा उघडायचं.

सध्या मशीन पडवीत स्टँडवर आहे. पाण्याच्या सगळ्या गल्ल्या तारेनं मोकळ्या केल्यात, इंपेलरची सहाच्या सहा पाती मोजून डब्यात ठेवलीत. ब्लॉक बुधवारी येतोय. मेस्त्री रोज संध्याकाळी येऊन बसतात, चहा घेतात, अजून काही बोललेले नाहीत.