उघडे दार : शारदा सदनातील १८९३ चा पेच

शाळेच्या प्रमुखांनी घेतलेला निर्णय पालकांना रुचला नाही की काय होते, हे फ्रिस्कोकरांना वेगळे सांगायला नको. पटसंख्या घटल्यामुळे स्टेली मिडल स्कूल बंद करायचे असे इथल्या शिक्षण मंडळाने २०२४ च्या अखेरीस ठरवले, तेव्हा हा विषय आपल्या जेवणाच्या टेबलांपर्यंत येऊन पोचला होता. पण सार्वजनिक शाळेचा वाद निदान आकड्यांचा असतो. किती मुले, किती वर्ग, किती खर्च. शाळा एखाद्या धर्मसंस्थेशी जोडलेली असली की आकडे बाजूला राहतात आणि श्रद्धा मध्ये येते. आपल्यापैकी कितीतरी घरांतली लहान मुले चर्चच्या आवारातल्या बालवाडीत जातात. तिथे जेवणाआधी म्हणायची प्रार्थना ती घरी येऊन वरणभाताच्या ताटापुढेही म्हणतात. आईबाप कौतुकाने हसतात, आणि भारतातून चार महिन्यांसाठी आलेल्या आजींच्या कपाळावर बारीकशी आठी उमटते. त्या आठीला अडाणीपणा म्हणून झटकून टाकू नये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावरून पुणे पेटले होते, आणि त्या वादाच्या दोन्ही बाजूंना मोठी माणसे उभी होती.

ती हकीगत पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची. आपल्याला ती ‘रमाबाई थोर, सनातनी वाईट’ इतक्या सोप्या रूपात माहीत असते. प्रत्यक्षात ती एका शाळाप्रमुखाच्या नावडत्या निर्णयाची गोष्ट आहे, आणि तशी वाचली तर अधिक काही हाती लागते.

आधी पैशांचे पाहू, कारण ते आपल्या या देशातून गेले. रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. तो समारंभ ११ मार्चला झाला. रमाबाई पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या, गावोगाव व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक काढले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. ठिकठिकाणच्या ‘रमाबाई सर्कल’मधील सभासद वर्षाला एक डॉलर देत, आणि हे वचन दहा वर्षांचे होते. असोसिएशनमध्ये नाना पंथांचे लोक असल्यामुळे तिचे धोरण पहिल्यापासून ठरलेले होते : शाळा बालविधवांसाठी, आणि ती कोणत्याही पंथाचा प्रचार करणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. (आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. तारीख मुद्दाम निवडली होती की योगायोग होता, कोण जाणे.) १८९० च्या अखेरीस सदन पुण्यात आले.

आता पेच ध्यानात येईल. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. पैसे देणारे बहुतेक ख्रिस्ती, पण धर्मप्रचार नको म्हणणारे. मुली हिंदू, त्यातून ब्राह्मण घरांतल्या. पालक धास्तावलेले, तरी मुलीचे काही बरे होईल या आशेने तिला पाठवणारे. आणि सदनाचे सल्लागार म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे सुधारक, ज्यांच्या शब्दावर पालक विसंबत. संगणकाच्या धंद्यात आम्ही याला परस्परविरोधी अपेक्षांचा आराखडा म्हणतो. प्रत्येक अपेक्षा स्वतंत्रपणे पुरी करता येते. सगळ्या एकदम करता येत नाहीत. मात्र शाळा चालू असेपर्यंत ही गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही.

रमाबाईंनी काढलेला तोडगा असा होता. सदनात ख्रिस्ती धर्माचा तास नाही. मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक, आणि स्वयंपाकपाणी जातीच्या नियमांप्रमाणे. यावर मिशनरी मंडळी रुष्ट झाली. ख्रिस्ती बाईने चालवलेल्या घरात सोवळेओवळे कसले, असा त्यांचा सवाल. पण रमाबाईंची स्वतःची प्रार्थना त्यांच्या खोलीत होई आणि त्या खोलीचे दार उघडे असे. बोलावणे कोणालाच नाही, आणि आपणहून येऊन बसणारीला मनाईही नाही.

मुली येऊन बसू लागल्या. यात नवल काय! ज्या मुलीचे तोंड सकाळी पाहणे अशुभ मानले जाई, तिला या बाईंनी जवळ घेतले होते. १८८९ च्या अखेरीसच अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने सदनातल्या काही विधवांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे असल्याचे छापले होते. ते इकडे पोचल्यावर ‘केसरी’ने हा विषय लावून धरला. टिळकांचे म्हणणे थोडक्यात असे की, सदन वरून शाळा आहे आणि आतून मिशन आहे. उघड मिशन असेल तर तसे सांगा.

या म्हणण्याला उत्तर देणे सोपे नव्हते, आणि त्याचे कारण १८९१ मध्ये सापडते. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाल्यावर आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असे रमाबाईंना वाटू लागले आणि त्यांची श्रद्धा एकाएकी फार उत्कट झाली. हे त्यांनी पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने लिहिले आहे. म्हणजे १८८९ मध्ये घातलेली अट शब्दशः तीच राहिली, पण अट पाळणारी व्यक्ती बदलली होती. शांतपणे पोथी वाचणाऱ्या माणसाच्या उघड्या दारात आणि भक्तीने भारून गेलेल्या माणसाच्या उघड्या दारात फरक असतो. माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे.

सल्लागारांनी दार लावून घ्या असे सुचवले. रमाबाईंनी नकार दिला. त्यांची बाजू अशी : सदनातली हिंदू मुलगी जशी आपली पूजा उघडपणे करू शकते, तशी मीही माझी प्रार्थना उघडपणे करीन. मी लपूनछपून देवाचे नाव घ्यायचे, याला तटस्थता म्हणत नाहीत. ऑगस्ट १८९३ मध्ये भांडारकर, रानडे आदींनी सल्लागारपद सोडले आणि तसे जाहीर केले. सदनाशी आपला संबंध उरला नाही, हे पालकांना कळावे हा त्यातला हेतू. वीस-पंचवीस मुली काढून नेण्यात आल्या.

त्या मुलींचा विचार थोडा वेळ करावा. निर्णय रमाबाईंचा, राजीनामे भांडारकर-रानड्यांचे, लेखणी टिळकांची, आणि किंमत मोजली कोणी? ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांनी. वर्गातून उठून त्या पुन्हा माजघरात गेल्या, कित्येक जणी पुन्हा त्याच लाल आलवणात. तत्त्वाच्या भांडणात तत्त्व कोणाचे आणि नुकसान कोणाचे, याचा हिशेब क्वचितच एका वहीत मांडला जातो.

असाच प्रसंग मुंबईत याआधी घडून गेला होता. स्कॉटिश मिशनच्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेली इंग्रजी शाळा (आजच्या विल्सन कॉलेजचे मूळ) नावारूपाला आली होती. १८३९ च्या मे महिन्यात तिथल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. कोर्टाने धनजीभाईंना आपल्या इच्छेप्रमाणे राहू दिले, आणि शाळेतली पारशी मुले भराभर काढून घेतली गेली. विल्सन मागे हटले नाहीत, आणि वर्ग हळूहळू पुन्हा भरले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांच्या बाप्तिस्म्याने पुन्हा वादळ उठले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला कोर्टाने बापाच्या हवाली केले आणि त्याला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी मोठा विरोध पत्करला. (तोही एक नावडता निर्णयच, पण त्याविषयी पुन्हा कधीतरी.)

दोन्ही प्रसंग एकाच मापाने मोजता येत नाहीत. विल्सन यांनी आपण मिशनरी आहोत हे कधी लपवले नव्हते. इंग्रजी हवे तर बायबलही येणार, हे बापाला दाखल्याच्या दिवशीच ठाऊक असे. शिवाय ती मुले संध्याकाळी घरी जात. शारदा सदनाने पालकांना वेगळा शब्द दिला होता, आणि तिथल्या मुली अन्न, वस्त्र, निवारा, माया या सगळ्यांसाठी एकाच बाईंवर अवलंबून होत्या. अशा ठिकाणी ‘ती आपणहून आली’ हे वाक्य खरे असूनही पुरेसे नसते. सल्लागारांची ही शंका मला रास्त वाटते, आणि पुढच्या काही वर्षांत सदनातल्या बऱ्याच मुली ख्रिस्ती झाल्या हेही नमूद केले पाहिजे. मात्र उपाय म्हणून त्यांनी सुचवलेले बंद दार मला पटत नाही. मुलीला धीट व्हायला शिकवणाऱ्या बाईने स्वतः भित्रे व्हावे, असा त्याचा अर्थ झाला असता. रमाबाईंनी दार उघडे ठेवावे, पण आपल्यातला बदल पालकांना पत्र लिहून कळवावा आणि ज्यांना मुली न्यायच्या असतील त्यांना मुदत द्यावी, एवढे झाले असते तर राजीनामे कदाचित टळले नसते, पण फसवणुकीचा आरोप टिकला नसता.

धर्माधिकाऱ्यांचा रोष रमाबाईंना नवा नव्हता. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली होती, तेव्हाही माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हाती दिलेली नाही, अशाच आशयाची उत्तरे त्यांनी दिली होती. म्हणजे चर्चला त्या पुरेशा आज्ञाधारक नव्हत्या, मिशनऱ्यांना पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या आणि पुण्याला पुरेशा हिंदू नव्हत्या. तिन्ही बाजूंनी बोलणी खाणारा माणूस बरोबरच असतो असे नाही, पण तो लोकप्रियतेसाठी निर्णय घेत नाही इतके नक्की.

बॉस्टनची मंडळी दूर होती. असोसिएशनच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षा ज्युडिथ अँड्र्यूज १८९३-९४ मध्ये स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि त्यांनी सदन पाहिले. असोसिएशनने रमाबाईंना अंतर दिले नाही. वार्षिक अहवाल वाचून दूरच्या संस्थेला देणग्या देणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रवास ध्यानात ठेवावा. त्या काळी तो आठवड्यांचा होता.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तरी त्याची चर्चा कमी होते. अमेरिकेची मदत दहाच वर्षांची असल्याने उत्पन्नाची सोय म्हणून रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेला केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली होती. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः रमाबाईंनी आईबाप दुष्काळातल्या हालांत गमावले होते. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्या कोणत्या जातीच्या हे पाहिले नाही. उच्चवर्णीय बालविधवा हा सदनाचा मूळ विषय, आणि या मुली त्यात कुठेच बसत नव्हत्या. त्यातच पुण्यात प्लेगची साथ, आणि सरकारचे निर्बंध. सदनात आणखी माणसे ठेवता येईनात, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर तंबू-झोपड्यांत नेले. (सरकारच्या प्लेग-इस्पितळात स्त्रियांची कशी अब्रू जाते, हे त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून जाहीर केले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांचा रोष ओढवून घेतला. नावडत्या निर्णयांत ही एक भर.)

पण या खेपेला त्यांनी १८९३ चा घोळ होऊ दिला नाही. दुष्काळातल्या मुलींसाठी उभे राहिलेले मुक्ती सदन उघडउघड ख्रिस्ती होते, आणि ते शारदा सदनाहून निराळे होते. शाळेच्या शब्दाला आणि स्वतःच्या श्रद्धेला त्यांनी एका घरात कोंबले नाही. देणारा, येणारा, टीका करणारा, सगळ्यांना दारावरची पाटी वाचता येत होती. टिळकांची १८९३ मधली मागणी, उघड मिशन असेल तर तसे सांगा, ही अशा रीतीने चार वर्षांनी पुरी झाली. हे दोघांपैकी कोणी बोलून दाखवले नसेल, ते सोडा. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावात सुमारे दोन हजार बायका-मुले होती. विणकाम, छापखाना, शेती, गोठा, सगळे त्यांच्याच हातांनी चाले.

पुण्यातले सुधारकही राजीनामे देऊन स्वस्थ बसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. हिंदू विधवांना धर्म न सोडता शिकता येईल अशी जागा हवी, ही उणीव १८९३ ने उघडी पाडली होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, आणि तोच पुढे हिंगण्याला गेला. आश्रमाच्या कामासाठी पार्वतीबाई आठवले नंतर अमेरिकेत आल्या, इथे घरकाम करून इंग्रजी शिकल्या आणि निधी जमवून परत गेल्या. आपल्यापैकी ज्यांना पहिल्या वर्षांच्या कष्टांचा अभिमान आहे त्यांनी त्यांचे ‘माझी कहाणी’ जरूर वाचावे.

पार्वतीबाईंची थोरली बहीण गोदूबाई ही शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. लहानपणीच विधवा झालेल्या या मुलीला तिचे भाऊ नरहरपंत जोशी यांनी मुंबईत सदनात आणून सोडले. ती सदनाबरोबर पुण्याला आली, चार वर्षे त्या घरात राहिली आणि रमाबाईंच्या खोलीचे ते दार रोज पाहत असे. ती ख्रिस्ती झाली नाही. १८९३ च्या मार्चमध्ये, म्हणजे राजीनाम्यांच्या पाच महिने आधी, तिने कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्यापायी कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. हिंगण्याच्या मुली तिला बाया म्हणत. म्हातारपणी सांगितलेल्या ‘माझे पुराण’मध्ये त्या रमाबाईंविषयी आणि सदनाविषयी मायेने बोलतात.