कराटे की अभ्यास? गुडघा सांभाळला तर दोन्ही!

दहावीचे वर्ष आले की वस्तीतल्या अनेक घरांत फर्मान निघते, "आता कराटे बंद!" घाटकोपर-मुलुंड असो की अंधेरी-बोरिवली, शाळेच्या किंवा विहाराच्या हॉलमध्ये आपली मुले-मुली कराटे, ज्युदो, तायक्वांदो शिकतात. ब्राऊन बेल्टपर्यंत येतात आणि खेळ सुटतो. पालकांना दोन काळज्या असतात : वेळ जाईल आणि हातपाय मोडेल. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. म्हणूनच मोशे फेल्डेनक्राईस या माणसाची माहिती आपल्या घरात असायला हवी.

मजूर, इंजिनिअर, ज्युदोपटू

जन्म १९०४, आजच्या युक्रेनमधला. ज्यू कुटुंबातला हा मुलगा कोवळ्या वयात घर सोडून पॅलेस्टाईनला गेला. तिथे बांधकामावर मजुरी केली आणि राहिलेले शालेय शिक्षण नंतर पूर्ण केले. पुढे पॅरिसला जाऊन १९३३ मध्ये इंजिनिअरची पदवी घेतली. नोबेल विजेते शास्त्रज्ञ फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांच्यासोबत त्यांनी प्रयोगशाळेत संशोधन केले.

त्याच १९३३ साली त्यांची ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्याशी भेट झाली. कानो स्वतः शिक्षक होते. १९३६ मध्ये फेल्डेनक्राईस यांना ब्लॅक बेल्ट मिळाला. युरोपात ज्युदो रुजवणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांचे नाव घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनला गेले आणि पाणबुड्यांचा शोध घेण्याच्या तंत्रावर काम करू लागले. त्या काळातही त्यांचे ज्युदो सुटले नाही.

मॅटवरचे विज्ञान

ज्युदोत लहान चणीची मुलगी धिप्पाड मुलाला पाडते, ती तरफेच्या नियमाने. समोरच्याचा गुरुत्वमध्य त्याच्या पायांच्या बाहेर गेला की तो पडणारच. पडताना हाताने मॅटवर थाप मारायला शिकवतात, त्यामुळे धक्का एका जागी न बसता मोठ्या भागावर विभागला जातो. मुलाने विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले बल आणि दाब हे इथे अंगाने कळते.

दुखापतीने शिकवले

फुटबॉल खेळताना फेल्डेनक्राईस यांचा गुडघा दुखावला होता. पुढे त्रास वाढला, पण शस्त्रक्रियेची खात्री त्या काळी फारशी नव्हती. मग इंजिनिअरच्या नजरेने त्यांनी स्वतःची चाल तपासली. वजन कुठे पडते, कोणता स्नायू उगाच ताणला जातो, हे पाहत सावकाश हालचालींची एक पद्धत बसवली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र ती डॉक्टरांच्या उपचाराची जागा घेत नाही. तुटलेल्या लिगामेंटवर आज चांगली शस्त्रक्रिया होते.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

• गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला, काही तासांत सूज आली, पाय टेकवेना किंवा गुडघा अडकतो, सटकतो असे वाटले, तर राजावाडी, कूपरसारख्या महापालिका रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत दाखवा. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, म्हणून "हाड मोडले नाही" एवढ्यावर थांबू नका.
• पहिले दोन दिवस तेल लावून चोळू नका, शेकू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा.
• डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी असेल तर लगेच दवाखाना.
• वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडू देऊ नका.
• कडक फरशीवर पाडापाडीचा सराव नको. मॅट हवीच.
• दहावी-बारावीच्या वयात रोज ८ तास झोप हवी. अभ्यास आणि खेळ दोन्ही त्यावर उभे आहेत.

परीक्षेच्या वर्षी आठवड्याचे पाच दिवस जमत नसतील तर दोन दिवस जाऊ द्या. स्पर्धा एक वर्ष थांबू शकते. सराव पूर्ण तुटला की परत येणे अवघड जाते, आणि हे मुलींच्या बाबतीत जास्त घडते. पवईची आयआयटी आपल्या वस्त्यांपासून दूर नाही. तिथे संशोधन करणारी आणि कमरेला ब्लॅक बेल्ट बांधणारी मुलगी आपल्याच घरातली असू शकते. फर्मान काढण्याआधी तिच्यासोबत बसून आठवड्याचे वेळापत्रक तेवढे लिहून काढा.