एक ठेवा, एक न्या

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या वाचकांना कसारा ठाऊक असतो तो आगगाडीच्या खिडकीतून. गाडी थांबते, घाट चढवण्यासाठी मागून जादा इंजिने लागतात, तेवढ्या वेळात कोणी घोटभर चहा घेतो. मग एक हलका धक्का बसतो आणि मुले बोगदे मोजू लागतात. गाडी गेल्यावर मागे जे गाव उरते, त्या गावात मी राहतो. पहाटेची लोकल धरून खाली कॉलेजात मराठी शिकवायला जातो आणि दिवेलागणीला परत येतो.

आता मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात पुस्तके असायचीच. पण आमच्याकडे त्यांनी माळा जिंकला, खाटेखालचा मुलूख घेतला आणि अखेर तांदळाच्या कोठीपर्यंत मजल मारली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी निर्वाणीचा खलिता धाडला. मी तडजोड काढली. सासूबाईंच्या वेळचे दूध-लोणी ठेवायचे जाळीचे कपाट रस्त्याकडच्या ओट्यावर आणले, साठ-सत्तर पुस्तके त्यात लावली आणि वर पाटी रंगवली : ‘एक ठेवा, एक न्या.’ वर्गणी नाही, अनामत नाही, नोंदवही नाही.

कल्पना काही माझी नव्हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात हडसन गावी टॉड बोल नावाच्या गृहस्थाने २००९ साली आपल्या शिक्षिका आईच्या स्मरणार्थ शाळेच्या आकाराची एक पेटी दारात उभी केली आणि तीत पुस्तके ठेवली. तिचे अनुकरण जगभर झाले. इतके लांब कशाला, आमच्याच लोकलच्या वाटेवर डोंबिवलीला पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या अदलाबदलीचे सोहळे भरवले आणि लोक पिशव्या भरभरून तेथे गेले. डोंबिवलीत जमते ते कसाऱ्यात का जमू नये?

जमले, पण कसे ते ऐका. लोक कादंबरी नेत आणि तिच्या जागी जुनी डायरी, गेल्या सालचे पंचांग किंवा स्पर्धा परीक्षेचे फाटके गाइड ठेवून जात. नियम पाळला जाई, कपाट मात्र गरीब होत चालले. त्यात आमच्याकडचा पाऊस! पहिल्याच आषाढात खालचा कप्पा भिजून लगदा झाला. दोन पुस्तके तर मला वडापावच्या गाडीवर पानापानाने भेटली. हे सारे मी हसून सोसले. एक गोष्ट मात्र अजून सलते.

चैत्रातली दुपार होती. ठाकूरवाडीवरची सहावी-सातवीतली एक मुलगी बराच वेळ कपाटापुढे उभी होती. पक्ष्यांच्या चित्रांचे एक पुस्तक तिने काढले, चाळले, परत ठेवले. दुसऱ्या दिवशी ती आपले शाळेत फुकट मिळालेले मराठीचे पाठ्यपुस्तक घेऊन आली.

“सर, हे ठेवून ते नेऊ?”

“अगं, हे शाळेचं पुस्तक. ते ठेवू नये. घरचं एखादं गोष्टीचं आण,” मी समजूतदारपणे म्हणालो.

ती मान हलवून निघून गेली. आतून सौ. म्हणाली, “आणणार कुठून?”

पुढे आठवडाभर ती फिरकली नाही. तिची आजी करवंदे विकायला आमच्या दारावर येते. तिला मी विचारले, तेव्हा तिने पाटी वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. रस्त्याच्या कडेला पाण्याचा टँकर उभा होता. तिकडे बोट करून म्हातारी म्हणाली, “मास्तर, आमच्या धरनाचं पानी मुंबईला जातं. त्याच्या बदली मुंबईनं काय ठेवलंय?”

मला उत्तर सुचले नाही. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबई पिते आहे, भातसाचेही पिते. दोन्ही धरणे आमच्याच शहापूर तालुक्यातली आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. एक ठेवण्याचे काम या लोकांनी केव्हाच करून ठेवले होते. बाकी होते ते फक्त नेण्याचे.

मग ध्यानात आले, की अदलाबदल शोभते ती जिथे दोन्ही घरांत पुस्तके आहेत तिथे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फिरत्या वाचनालयांच्या पेट्या खेड्यांत पाठवल्या, त्या बदल्यात पुस्तक मागून नव्हे. घाटापलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतही पुस्तकांच्या पेट्याच वाचकांपर्यंत जातात.

त्या संध्याकाळी मी पाटीवरचे पहिले दोन शब्द रंगाने पुसले. उरले, ‘एक न्या.’

पंधरा दिवसांत कपाट रिकामे झाले, हेही कबूल केले पाहिजे. तेव्हा मी लोकलच्या डब्यात झोळी पसरली. आता आमच्या डब्यातले सोबती ठाण्या-कल्याणहून वाचलेली पुस्तके आणून देतात. कपाट भरते, रिकामे होते, पुन्हा भरते. पावसाळ्यात ते ओसरीत येते आणि सौ. त्यावर कुरकुरत फडका मारते.

वाचकहो, दिवाळीची आवराआवर करताना पुस्तकांचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी एक क्षण थांबा. तुमच्याही गावाच्या वेशीवर एखादा पाडा असेल. तिथल्या शाळेची वाट विचारा.

ती मुलगी? सौ.ने निरोप धाडला तेव्हा आली. पक्ष्यांचे पुस्तक घेऊन गेली. ते अजून परत आलेले नाही. मीही विचारलेले नाही.