आघाडीच्या फळीची निवड (हॉकी)

हॉकीच्या संघात प्रतिपक्षाच्या गोलवर चढाई करणाऱ्या खेळाडूंच्या गटास आघाडीची फळी असे म्हणतात. फळी निवडताना खेळाडूंच्या वैयक्तिक गोलसंख्येपेक्षा त्यांच्या परस्परपूरकतेला अधिक महत्त्व असते.

पारंपरिक रचना

विसाव्या शतकात दीर्घकाळ या फळीत पाच खेळाडू असत: मध्यभागी सेंटर फॉरवर्ड, त्याच्या दोन्ही बाजूंस इनसाइड राइट व इनसाइड लेफ्ट आणि कडेला आउटसाइड राइट व आउटसाइड लेफ्ट. कडेचे खेळाडू वेगाने चेंडू पुढे नेऊन प्रतिपक्षाचा बचाव रुंदावत. इनसाइड खेळाडू मधल्या फळीशी दुवा साधत व गरजेनुसार मागे येत. गोल करण्याची मुख्य जबाबदारी सेंटर फॉरवर्डवर असे.

डाव्या व उजव्या बाजूंतील फरक

हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते आणि डावखुऱ्या खेळाडूसही ती उजव्या हाताच्या पद्धतीनेच वापरावी लागते. त्यामुळे उजव्या कडेवरून मध्यभागी चेंडू देणे तुलनेने सहज साधते. डाव्या कडेच्या खेळाडूस मात्र शरीर वळवून चेंडूभोवती यावे लागते किंवा स्टिक उलटी धरावी लागते. म्हणून उजव्या कडेला उत्तम खेळणारा खेळाडू डावीकडे तितकाच उपयुक्त ठरेल असे नाही.

१९३६ चे उदाहरण

बर्लिन ऑलिंपिकपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताचा ४–१ असा पराभव केला. संघात ध्यानचंद व रूपसिंह असूनही इनसाइड राइटची जागा कमकुवत असल्याचे जाणवले. त्यामुळे मूळ संघात नसलेल्या अली दारा यांना भारतातून विमानाने पाचारण करण्यात आले. ते उपांत्य सामन्यापासून खेळले. त्या सामन्यात भारताने फ्रान्सवर १०–० अशी मात केली. १५ ऑगस्ट १९३६ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात शहाबुद्दीन, दारा, ध्यानचंद, रूपसिंह व जाफर अशी फळी होती. मध्यंतरास भारत १–० असा पुढे होता; अखेर जर्मनीवर ८–१ असा विजय मिळाला. एका जागेतील उणीव साऱ्या फळीचा खेळ कसा रोखू शकते, हे या प्रसंगातून दिसते.

सद्यःस्थिती

१९९० च्या दशकात खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली व ऑफसाइडचा नियम रद्द झाला. आता आघाडीवर सामान्यतः दोन किंवा तीन खेळाडू असतात व ते आळीपाळीने विश्रांती घेतात. त्यामुळे प्रशिक्षकास एकच फळी न ठरवता अनेक जुळण्या आखाव्या लागतात. वेगवान, चेंडूवर प्रभुत्व असलेले आणि गोलजवळ अचूक फटका मारणारे खेळाडू प्रत्येक जुळणीत विभागले जातात. एकाच गुणाचे सर्व खेळाडू एकाच वेळी बाहेर बसल्यास चढाईची धार बोथट होते. चेंडू गमावताच तो परत मिळवण्यासाठी झटणे हाही आता निवडीचा महत्त्वाचा निकष मानला जातो.