आर्किकॅड

आर्किकॅड हे वास्तुरचनाकारांसाठी तयार केलेले संगणक-साहाय्यित आरेखनाचे, म्हणजेच कॅड प्रकारचे सॉफ्टवेअर आहे. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील ग्राफिसॉफ्ट या कंपनीने ते विकसित केले असून ते विंडोज आणि मॅकओएस या दोन्ही प्रणालींवर चालते. पडद्यावर निव्वळ रेषा न काढता संपूर्ण इमारतीचे एकच त्रिमितीय प्रतिरूप उभारायचे आणि सर्व नकाशे त्यातूनच मिळवायचे, हे त्याचे मूलतत्त्व आहे. या पद्धतीला आज बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग किंवा संक्षेपाने ‘बिम’ म्हणतात. वैयक्तिक संगणकावर ही पद्धत प्रत्यक्षात आणणाऱ्या आरंभीच्या सॉफ्टवेअरांमध्ये आर्किकॅडची गणना होते.

इतिहास

गाबोर बोयार यांनी १९८२ मध्ये ग्राफिसॉफ्टची स्थापना केली. त्या काळी हंगेरी सोव्हिएत गटात होता आणि पाश्चात्त्य देशांनी या गटाला प्रगत संगणक विकण्यावर निर्बंध घातले होते. त्यामुळे मोठ्या संगणकाचे काम लहान यंत्राकडून करून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. पाक्श येथील अणुवीज प्रकल्पातील नळांच्या जाळ्याचे त्रिमितीय प्रतिरूप तयार करणे हे कंपनीच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते. मर्यादित क्षमतेच्या यंत्रावर त्रिमितीय भूमिती हाताळण्याचा हा अनुभव पुढे वास्तुरचनेच्या सॉफ्टवेअरसाठी उपयोगी पडला.

आर्किकॅडची पहिली आवृत्ती ‘रडार सीएच’ या नावाने १९८४ मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या लिसा संगणकासाठी आली. १९८७ मध्ये ग्राफिसॉफ्टने ‘आभासी इमारत’ ही संकल्पना मांडली आणि मॅकिंटॉशवरील आर्किकॅडद्वारे ती वास्तुरचनाकारांपर्यंत पोहोचवली. १९९०च्या दशकात विंडोजसाठीही आवृत्ती उपलब्ध झाली. २००७ मध्ये ग्राफिसॉफ्ट ही जर्मनीतील नेमेत्शेक समूहाचा भाग बनली.

कार्यपद्धती

कागदावरील किंवा द्विमितीय कॅडमधील आरेखनात मजल्याचा नकाशा, छेद आणि दर्शनी बाजू ही तीन स्वतंत्र रेखाचित्रे असतात. एखादी खिडकी ३० सेंटिमीटर सरकवायची झाल्यास तिन्ही ठिकाणी हाताने दुरुस्ती करावी लागते. त्यातील एक दुरुस्ती राहून गेली, तर रेखाचित्रे परस्परविरोधी होतात. हा विरोध अनेकदा बांधकाम सुरू झाल्यावरच लक्षात येतो आणि बांधलेली भिंत फोडण्याची वेळ येते.

आर्किकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेषा नसून उंची, जाडी, थर आणि साहित्य यांची माहिती बाळगणारा घटक असतो. खिडकी ही त्या भिंतीचा भाग म्हणूनच बसवली जाते. ती सरकवली की भिंतीतील पोकळी तिच्यासोबत सरकते आणि नकाशा, छेद व दर्शनी बाजू यांत तो बदल आपोआप उमटतो. दारे-खिडक्यांची यादी, काँक्रीटचे घनफळ, गिलाव्याचे क्षेत्रफळ यांसारखे आकडेही याच प्रतिरूपातून काढता येतात.

दार, जिना, फर्निचर यांसारख्या वस्तूंचे वर्णन करण्यासाठी जीडीएल ही स्वतंत्र संगणकीय भाषा वापरली जाते. वस्तूचे मोजमाप आणि तपशील तिच्यात बदलण्याजोगे ठेवलेले असतात. त्यामुळे एकाच दारापासून वेगवेगळ्या रुंदीची आणि रचनेची अनेक दारे तयार करता येतात.

सहकार्य आणि माहितीची देवाणघेवाण

मोठ्या इमारतीवर अनेक जण एकाच वेळी काम करतात. त्यासाठी आर्किकॅडमध्ये ‘टीमवर्क’ ही सोय आहे. २००९ मधील आवृत्तीपासून ती सर्व्हरवर आधारित झाली. प्रत्येक जण आपल्याला हवे तेवढेच घटक राखून ठेवतो आणि बाकीचे इतरांसाठी मोकळे राहतात.

संरचना अभियंते आणि पाणी-वीज यंत्रणांचे अभियंते बहुधा वेगळी सॉफ्टवेअरे वापरतात. त्यांच्याशी देवाणघेवाण करण्यासाठी आयएफसी हे खुले स्वरूप वापरता येते. आयएसओ १६७३९ या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याला मान्यता दिली आहे.

मर्यादा

सर्व नकाशे एकमेकांशी जुळतात, म्हणजे ते बरोबरच असतात असे नाही. प्रतिरूपात चुकीची उंची भरली गेल्यास ती प्रत्येक छेदात आणि प्रत्येक यादीत सारखीच उतरते. पूर्वी दोन रेखाचित्रांतील तफावतीमुळे उघडी पडणारी चूक अशा वेळी झाकली जाते. म्हणून प्रतिरूपाची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते. शिवाय भिंतींचे थर आणि साहित्य आरंभीच ठरवावे लागत असल्याने कामाचा मोठा भार आरेखनाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर येतो.

नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत थेट उघडत नाही. इमारतीचे आयुष्य कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आवृत्तीपेक्षा कितीतरी अधिक असते. त्यामुळे मूळ फाइलसोबत आयएफसी आणि पीडीएफ स्वरूपातील प्रतीही जपून ठेवणे हिताचे असते. भविष्यातील दुरुस्ती किंवा विस्ताराच्या वेळी भिंतीत नेमके काय आहे, हे त्यांवरूनच कळू शकते.