राजीनाम्यावर सही करण्याआधी

घरातल्या कमावत्या माणसाला मनाचा आजार होतो, काम होईनासं होतं, नोकरी मध्येच सुटते. अशा वेळी पैसे कुठून मिळू शकतात, त्याबद्दल आज बोलू.

पाय मोडला तर सारी आळी विचारपूस करायला येते. मनाचा आजार झाला की घरचेच दार लावून घेतात. कुणी बाहेरचं लागलं म्हणतं, कुणी मुलीचं लग्न व्हायचंय म्हणतं, आणि मग "घरगुती कारणामुळे काम सोडत आहे" असा राजीनामा गुपचूप दिला जातो. त्या एका सहीने निम्म्या वाटा बंद होतात, कारण आजार कागदावर कुठे येतच नाही.

म्हणून पहिल्यांदा पगाराची स्लिप काढा. तिच्यात ईएसआय म्हणून कपात दिसते का बघा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्या कामगारांसाठी ही विमा योजना आहे. ठेकेदाराकडून लागलेल्यांनाही ती लागू होते. ईएसआयच्या डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला, आणि तोवर पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असली, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या साधारण ७० टक्के रक्कम मिळते. काही मोठ्या आजारांची वेगळी यादी आहे, त्यात सायकोसिस आहे. सायकोसिस म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं पक्कं वाटणं, असा आजार. यादीतल्या आजाराला ८० टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. मात्र त्याआधी सलग दोन वर्षं नोकरी झालेली लागते. डॉक्टर चिठ्ठीवर आजाराचं नाव काय लिहितात याला म्हणूनच महत्त्व आहे. नुसतं "अशक्तपणा" लिहिलेली चिठ्ठी इथे उपयोगाची नाही.

दुसरी कपात पीएफची. पीएफबरोबर पेन्शनही असते हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. एरवी या पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते. पण नोकरीत असताना माणूस कायमचा आणि पूर्णपणे त्या कामाला अपात्र झाला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शनचा हक्क आहे. त्यासाठी डॉक्टरांच्या मंडळाकडून तपासणी होते आणि दहा-डी नंबरचा फॉर्म भरावा लागतो. पेन्शन महिन्याला कमीत कमी १,००० रुपये. रक्कम थोडी आहे, हे आम्हीही मानतो, पण ती दर महिन्याला येते. "नोकरीत असताना" हे शब्द लक्षात ठेवा. आधी राजीनामा, मग पेन्शनचे साठलेले पैसे काढून घेणं, असं झालं की हा हक्क हातचा जातो.

आमच्या एका गटातल्या काकींच्या मुलाला सुपरवायझरने कोरा कागद पुढे करून सही मागितली होती. काकी म्हणाल्या, "सही आधी डॉक्टरला दाखवून मग." त्या सातवी शिकलेल्या आहेत. मुलाला आजारपणाची रजा मिळाली.

सरकारी नोकरीत कायदा जास्त भक्कम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनाच्या आजाराचाही समावेश आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी खात्याला माणसाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. झेपेल असं दुसरं काम त्याच पगारावर द्यावं लागतं.

आता आपल्यातल्या बहुतेकींचं. शेतमजुरी, घरकाम, ऊसतोड, जिथे स्लिपच नाही. इथे वाट आहे संजय गांधी निराधार अनुदान योजनेची. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. तो मनाच्या आजारासाठीही मिळतो. ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे तपासणी होते. माणूस स्वतःची काळजी घेतो का, लोकांत मिसळतो का, बोलणं समजतं का, काम करतो का, हे ते विचारतात. त्या दिवशी घरच्या लोकांनी "आमचा बरा आहे हो" म्हणून झाकपाक करू नये. आम्ही हे पाहिलंय, माया नडते. उपचाराच्या जुन्या चिठ्ठ्या तारखेवार लावून न्या. दाखला कधी तात्पुरता मिळतो, तेव्हा मुदत संपण्याची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा.

दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा आणि बँक पासबुक घेऊन अर्ज तहसील कार्यालयात करायचा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून महिना २,५०० रुपये झालं.

बँकेत २० रुपयांचा आणि ४३६ रुपयांचा विमा आपण काढतो, त्यातून या आजाराला काही मिळत नाही. पहिला अपघातासाठी आहे, दुसरा मृत्यूनंतरचा. काही बायका त्याच आशेवर बसून राहतात, म्हणून सांगितलं.

आणि उपचार सुरूच नसतील, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कुठल्याही कार्यालयात अर्ज दिला की शिक्का मारलेली पोच घ्या आणि तिची एक झेरॉक्स गटाच्या सचिवताईंकडे ठेवा.