यहुदी कागदांतील मिती आणि शब्बाथाचा तोरापाठ

मराठी कागदांत मिती, वार व शक यांचा मेळ घालून काळ ठरविण्याची रीत आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. यहुदी कागदांत हेंच काम पुष्कळदा निराळ्या साधनानें करावें लागतें. हिब्रू पत्रांत व ग्रंथांच्या समाप्तिलेखांत महिन्याची तारीख न देतां 'अमुक पाराशाचा तिसरा दिवस, अमुक वर्ष' एवढेंच लिहिलेलें अनेकदां आढळतें. हा पाराशा म्हणजे काय व त्यावरून दिवस कसा काढावा, याचें विवेचन येथें करण्याचें योजिलें आहे.

तोरा म्हणजे मोशेचीं पांच पुस्तकें. सभास्थानांत वाचावयाची तोरेची प्रत चर्मपत्राच्या गुंडाळीवर हातानें लिहिलेली असते. तींत स्वरचिन्हें नसतात, परिच्छेद केवळ मोकळ्या जागेनें दाखवितात आणि समाप्तिलेख घालण्याची वहिवाट नाहीं. म्हणून गुंडाळीचा काळ मुख्यतः अक्षरवळण व चर्म यांवरूनच अजमावावा लागतो. लेखकाचें नांव व काळ सांपडतो तो पानें शिवलेल्या ग्रंथांत.

वार्षिक पाठासाठीं तोरेचे ५४ भाग केलेले आहेत. त्यांतील प्रत्येकास पाराशा म्हणतात. तिश्री महिन्यांत सिम्हाथ तोरा या सणास शेवटचा भाग वाचून लगेच पहिल्याचा आरंभ करितात. शनिवारीं सकाळीं निदान सात जणांस क्रमानें पाठास बोलावितात. त्याच दिवशीं दुपारीं पुढील भागाचा प्रारंभ तिघांकडून वाचविला जातो. सोमवारीं व गुरुवारीं सकाळीं तोच अंश पुन्हा वाचतात. यामुळें रविवारपासून शनिवारपर्यंतचा सारा आठवडा येणाऱ्या भागाच्या नांवानें ओळखला जातो. वारांस निराळीं नांवें नाहींत. रविवार पहिला दिवस, सोमवार दुसरा, आणि सातवा तो शब्बाथ.

आतां एक उदाहरण घेऊं. 'नोहा पाराशाचा तिसरा दिवस, ५७००' अशी नोंद आहे असें मानूं. तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंत यहुदी वर्षांतून ३७६१ व त्यापुढें ३७६० वजा केल्यास इसवी सन येतो. म्हणून हें वर्ष १९३९. त्या सालीं १ तिश्री १४ सप्टेंबरास होती. बेरेशीथ हा पहिला भाग ७ ऑक्टोबरच्या शनिवारीं व नोहा हा दुसरा १४ ऑक्टोबरास आला. तेव्हां तिसरा दिवस म्हणजे मंगळवार, १० ऑक्टोबर १९३९. मात्र यहुदी दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. पत्र रात्रीं लिहिलें असल्यास तीच नोंद सोमवार रात्रीची ठरेल.

सर्वच उदाहरणें इतकीं सरळ नसतात. यहुदी वर्ष चांद्रसौर असून १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात. साधें वर्ष ३५३ ते ३५५ दिवसांचें व अधिक मासाचें ३८३ ते ३८५ दिवसांचें असतें. शनिवार कमी पडल्यास ठराविक सात जोड्यांपैकीं कांहीं भाग एकत्र वाचतात; सण शनिवारीं आल्यास नेहमींचा पाठ एक आठवडा पुढें जातो. वल्हांडण सण इस्राएल भूमींत सात व बाहेर आठ दिवस पाळितात. आठवा दिवस शनिवारीं आला, कीं पुढें कांहीं आठवडे दोन्हीं ठिकाणीं निरनिराळे भाग चालतात. म्हणून पत्र कोठून लिहिलें हें आधीं पाहावें. पॅलेस्टाईनच्या जुन्या परंपरेंत तर पाठ सुमारें तीन वर्षांनीं पुरा होई. बाराव्या शतकांत तुदेलाच्या बेंजामिनानें कैरोंत हा पंथ व वार्षिक पाठाचा बाबिलोनी पंथ शेजारीं शेजारीं नांदतांना पाहिला. शिवाय वर्षांतील हजारांचा आंकडा गाळण्याची चाल आहे, तीहि ध्यानांत ठेवावी.

शब्बाथाच्या नियमांतून कागद पारखण्याची आणखी एक कसोटी मिळते. मिश्ना ग्रंथांत त्या दिवशीं वर्ज्य असलेलीं ३९ कामें सांगितलीं आहेत. दोन अक्षरें लिहिणें हें त्यांपैकीं एक. तेव्हां धर्मनिष्ठ यहुद्याच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या पत्रावर शनिवारचा दिवस पडत असेल, तर गणित, वाचन किंवा कागदाचा खरेपणा यांपैकीं कांहींतरी पुन्हा तपासलें पाहिजे. 'शब्बाथ संपल्यावर' अशी नोंद असल्यास ती शनिवार रात्रीची, म्हणजे यहुदी रीतीनें पुढील आठवड्याच्या पहिल्या दिवसाची होय.

या विषयाचा आपल्या प्रांताशींहि संबंध आहे. कोंकणांतील बेने इस्राएल लोक तेलाचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनवार तेली' हें नांव पडलें. त्यांच्या परंपरेप्रमाणें दीर्घकाळ धर्मग्रंथ जवळ नसतांहि शब्बाथ टिकून राहिला. मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान सामुएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं स्थापिलें.

१९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य लोक इस्राएलांत गेले. अशा स्थलांतरांत घरोघरचे कागद विस्कळित होणें अपरिहार्य आहे. संग्राहकांच्या हातीं किहीमकर, नवगांवकर, रोहेकर अशा घराण्यांचीं दप्तरें आल्यास, मराठी मजकुराशेजारची हिब्रू ओळ अवाच्य म्हणून सोडून देऊं नये. तिची जशीच्या तशी नक्कल अगर छायाचित्र घ्यावें, पत्राचें ठिकाण नोंदवावें आणि मराठी मिती असल्यास ती शेजारीं मांडावी. दोन्ही पंचांगें एकाच दिवसावर आलीं, तर तो कागद इतिहासाच्या कामास नि:शंकपणें घेतां येईल. न आलीं, तर शोध कोठून सुरू करावा हें तरी कळेल.